रोस्टर नसलेली नोकरी

"पायलट म्हणं! एसटीच्या ड्रायव्हरला टाइमटेबल असतं, रेल्वेच्याला असतं, आन् हिलाच तेवढं न्हाई व्हय गं? फोन वाजला की निघाली, फोन वाजला की निघाली. मला तर बाई काही खरं दिसंना."

कठड्यापलीकडून गौरम्माचा आवाज आला तेव्हा इंदू गच्चीवर धोतराच्या फडक्यावर कुरडया घालत होती. गौरम्मा आपल्या उदगीरच्या बहिणीशी बोलत होती. मोबाइल आल्यापासून ती गच्चीवर येऊनच बोलायची. खाली रेंज नसते म्हणायची. खाली खरं तर तिचे यजमान गुरुपादप्पा असायचे. आणि फोन हे नुसतं निमित्त, आवाज आपला आपणच पोचवायचा असतो, अशी तिची समजूत असल्यामुळे लातूरच्या त्या गच्चीवरून उदगीरला तिचं बोलणं बिनफोनचंसुद्धा गेलं असतं.

इंदूच्या सोऱ्यातली कुरडई वाकडी पडली.

खाकरता आलं असतं. शेजारधर्माची रीतच तशी आहे. आपलं नाव निघालं की खाकरायचं, म्हणजे पलीकडचा माणूस लगेच पावसापाण्याचं बोलायला लागतो. पण इंदू खाकरली नाही. श्वास धरून पुढचं ऐकत बसली. कारण तोंड गौरम्माचं असलं तरी बोलणं इंदूचं होतं. दोन वर्षं तिच्या पोटात जे शिजत होतं, ते शेजारीण भर सकाळी परातीत काढून वाढत होती.

"न्हाई गं, चांगलीच हाय पोरगी. माझ्याच मांडीवर वाढलेली. म्हनून तर बोलायलेय," गौरम्मा म्हणाली आणि मग आवाज खाली आला. गौरम्माचा आवाज खाली येतो, तेव्हा काय बोलत असेल हे कळायला कान लागत नाहीत.

इंदूची एकुलती एक मुलगी मृण्मयी पायलट आहे, हे साऱ्या लातूरला ठाऊक होतं. ठाऊक कसलं, लातूरनं ते वाचलेलं होतं. या गावात देवादिकांच्या फोटोंपेक्षा पोरांचे फोटो मोठे लागतात. जून महिना आला की चौकाचौकात गुणवंतांची तोंडं लटकतात, पासपोर्टच्या फोटोत घाबरलेली ती तोंडं छापताना हत्तीएवढी होतात. इंदूचे यजमान रेणुकादास एका मोठ्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे, मृण्मयीही त्याच क्लासमधून निघालेली. तिला विमान चालवण्याचं लायसन मिळालं, त्या आठवड्यात क्लासवाल्यांनी चौकात तिचा फ्लेक्स लावला. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, हाताची घडी. मागं फ्लेक्सवाल्यानं कुठूनतरी उतरवून घेतलेलं भलंमोठं प्रवासी विमान. खाली लिहिलेलं: 'आमची मृण्मयी आता आकाशात! एअरलाइन पायलट.'

आता गंमत अशी, की तेव्हा मृण्मयीला नोकरीच नव्हती. त्याच सुमाराला एअरलाइनवाल्यांनी भरती बंद केली. पोरगी वर्षभर घरात बसून बापाच्या विद्यार्थ्यांना गणितं सोडवून देत होती, आणि भाजी आणायला जाताना स्वतःच्याच फ्लेक्सखालून तोंडावर ओढणी घेऊन जात होती. पुढं तिला नोकरी लागली ती एअरलाइनमध्ये नाही. मुंबईच्या एका बड्या उद्योगपतीच्या स्वतःच्या विमानावर लागली. आठ माणसांचं विमान. दोन पायलट: एक पिकल्या केसांचा कॅप्टन आणि दुसरी ही.

रेणुकादासांनी क्लासवाल्यांना फ्लेक्स बदलायला सांगायचं ठरवलं होतं. पण बदलून लिहायचं काय? एअरलाइन म्हटलं की कुणालाही कळतं. तिकीट, खिडकी, हवाईसुंदरी, सगळं डोळ्यांपुढं येतं. 'अमुक साहेबांच्या विमानावर' म्हटलं तर कुणाच्या गाडीवर ड्रायव्हर असल्यासारखं वाटतं. आणि पोरगी म्हटल्यावर त्याहून वाईट काहीतरी वाटतं. "राहू दे," ते म्हणाले, "आज ना उद्या एअरलाइनमध्ये जाईलच." दरवर्षी फ्लेक्सवरची पोरं बदलली, मृण्मयी जराशी कोपऱ्यात सरकली, पण विमानासकट राहिली. जुनं खोटं घरातल्या जुन्या कपाटासारखं असतं. कुणी हलवत नाही. त्याच्यामागं काय साठलंय हे मग कुणाला बघवत नाही.

आणि साठत तर होतंच.

एअरलाइनच्या पायलटला महिन्याचं वेळापत्रक आधी हातात मिळतं, त्याला रोस्टर म्हणतात, हे इंदूला गौरम्माच्या भाच्याकडून कळलं होतं. तो पुण्याला एअरलाइनच्या काउंटरवर होता, त्यामुळं विमानातलं सगळं त्यालाच कळतं असं गल्लीनं धरून चाललेलं. मृण्मयीला रोस्टर नव्हतं. मुंबईहून सुट्टीला घरी आली तरी ताट वाढलेलं असताना फोन यायचा. कुठं चाललीस म्हटलं तर "अजून नक्की नाही." कुणाला घेऊन? "ते सांगता येत नाही, आई." कधी येशील? "ते म्हणतील तेव्हा." कधी गोव्यात तीन-तीन दिवस मुक्काम. काम काय? तर वाट बघायची. मालकाचं काम उरकेपर्यंत हॉटेलात बसायचं. असली कसली नोकरी, जिच्यात हॉटेलात बसण्याचा पगार मिळतो?

इंदूनं हे तोंडानं कधी विचारलं नाही. तिनं दुसरेच प्रश्न विचारले. "साहेबांचं वय काय असेल गं?" "बाईसाहेब येतात का कधी बरोबर?" "स्वभावानं कसे आहेत?" एकाही प्रश्नाला उत्तर मिळालं नाही. मृण्मयी तेवढंच म्हणायची, "प्रवाशांविषयी बाहेर बोलायचं नाही, ही आमच्याकडं पहिली अट असते." आणि तिचा चेहरा दुकानाचं शटर ओढल्यासारखा बंद व्हायचा. ज्या पोरीनं शाळेतून येताना रस्त्यात दिसलेल्या कुत्र्याची हकीकत अर्धा तास सांगावी, ती आता कुलूप लावून बोलत होती.

ह्याच पोरीला आभाळ दाखवलं कुणी? तर भूकंपानं. किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ती तिसरीत होती. लातुरात ह्यांच्या गल्लीत भिंतींना चिरा पडण्यापलीकडं काही झालं नाही, पण छताखाली झोपायची कुणाची हिंमत होईना. रोज नवी आवई: आज येणार, उद्या येणार. सगळी गल्ली सतरंज्या-गोधड्या घेऊन शाळेच्या मैदानात गेली, ती थंडी सरेपर्यंत तिथंच झोपली. इंदूच्या डाव्या हाताला गौरम्मा, तिच्यापलीकडं तिची पोरं, उजव्या हाताला परभणीहून बदलून आलेला कुणी तलाठी, त्याचं नावही इंदूला आठवत नव्हतं. रेणुकादास एकदा थंडीत चुकून गुरुपादप्पांच्या रगात शिरले होते, त्यावर गल्ली महिनाभर हसली. त्या दिवसांत कोण कुणाच्या शेजारी झोपलं, ह्याची चौकशी कुणी केली नाही. सकाळी सगळे उठून बसले, एवढंच प्रत्येकाला हवं असायचं. आणि मृण्मयी गौरम्माच्या मांडीवर डोकं ठेवून वर बघायची. मदतीचं सामान आणि मोठी माणसं घेऊन तेव्हा विमानं सारखी यायची. "मावशी, ते लाल दिव्याचं कुणाचं?" "तुज्या सासऱ्याचं!" गौरम्मा म्हणायची.

त्या पोरीवर पाळत ठेवायला इंदू ह्या चैत्रात नांदेडला गेली, ही गोष्ट मात्र गौरम्मालाही ठाऊक नव्हती.

झालं असं, की मृण्मयी फोनवर बोलता बोलता बोलून गेली, "उद्या नांदेडला उतरणार आहोत. पण घरी नाही यायला जमायचं." दुसऱ्या दिवशी इंदूनं सकाळची अहमदपूर-लोह्यावरून जाणारी बस धरली. नवऱ्याला सांगितलं, बहिणीकडं हळदीकुंकू आहे, आणि खरं वाटावं म्हणून ठेवणीतली हिरवी साडीही नेसली. बहीण विमानतळाच्या अंगालाच राहते. तिच्याकडं अर्धा कप चहा घेऊन इंदू "जरा पाय मोकळे करून येते" म्हणाली आणि तारेच्या कुंपणाशी एका लिंबाखाली जाऊन उभी राहिली. पाय मोकळे करायला चैत्रातली दुपार कुणी निवडत नाही, पण बहीण शहाणी, काही बोलली नाही.

विमान आलं. फ्लेक्सवरल्या विमानाच्या मानानं अगदीच चिमणी. दार खाली उघडलं, त्याच्याच पायऱ्या झाल्या, आणि पहिली मृण्मयी उतरली. मागोमाग मालक. ठेंगणा, पन्नाशी ओलांडलेला, काळा चष्मा. बाई बरोबर नव्हती. तो मृण्मयीपाशी थांबला. काहीतरी म्हणाला. मृण्मयी हसली. मान मागं टाकून, खळखळून. असं हसताना इंदूनं तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. मग त्यानं तिच्या हातात एक डबा दिला, खांद्यावर थोपटलं आणि गाड्यांच्या ताफ्यात बसून निघून गेला.

ते थोपटणं इंदूनं त्या दिवसापासून मनात इतक्या वेळा बघितलं, की त्याचा रंग उडून दुसराच चढला. बाप थोपटतो तसं होतं का? मास्तर थोपटतात तसं? का तिसरंच? शंका निरसायला गेलेली बाई शंकेची दुसरी जोडी घेऊन परत आली.

पुढचं तर तिनं कुणालाच सांगितलं नसतं. मालक गेल्यावर कॅप्टन कुठंतरी सावलीला गेला. मृण्मयीनं आतून कपबश्या आणल्या, पुसून परत ठेवल्या, कचऱ्याची पिशवी बांधली, विमानाच्या चाकांपाशी वाकून काहीतरी तपासलं, आणि पंखाच्या सावलीत पायरीवर बसून डब्यातलं खायला लागली. एकटी. कुंपणाच्या अलीकडं आई, पलीकडं लेक. इंदूनं फोन लावला. लेकीनं खिशातून फोन काढून कानाला लावलेला तिला इथून दिसला.

"कुठं आहेस?"

"कामावर. तू गं?"

"घरी," इंदू म्हणाली. "कुरडयांचे गहू भिजत घातलेत."

एअरलाइनची भरती परत सुरू झाली आहे, ही बातमी पेपरात आली तशी इंदूनं ध्यासच घेतला. रोज फोनवर एकच. रेणुकादासही तिच्या बाजूचे, पण त्यांची तऱ्हा वेगळी. मृण्मयी परीक्षा आणि मुलाखती देऊन, निवड होऊन, दोन दिवस घरी आली तेव्हा त्यांनी तिला क्लासमधल्या पोरासारखं समोर बसवलं. लातुरात आयुष्यातला कुठलाही प्रश्न चार पर्यायांतच सोडवतात.

"हे बघ, उत्तर काढायचं नसतं, चुकीचे पर्याय काढून टाकायचे असतात," ते म्हणाले. "खाजगी विमानात वर्षाला उड्डाणाचे तास किती भरतात?"

"एअरलाइनच्या निम्मेसुद्धा नाहीत."

"म्हणजे कॅप्टन व्हायला दुप्पट वेळ. मालकानं उद्या विमान विकलं तर?"

"तर विमानाबरोबर माझी नोकरीपण विकली."

"एअरलाइनमध्ये?"

"तिथं नंबर लागतो. आधी लागला तो पुढं, मागून आला तो मागं. वशिला नाही, लाडही नाहीत. दर सहा महिन्यांनी परीक्षा. रजा कागदावर. आजारी पडलं तर दुसरा पायलट उभा असतो."

"झालं की मग! उत्तर अ," रेणुकादास टाळी देत म्हणाले.

मृण्मयी हसली. "बाबा, तुमचं गणित बरोबरच आहे. पण तिथं माझं एक काम राहील आणि दहा माणसं माझी बाकीची दहा कामं करतील. इंधन किती ते कुणीतरी ठरवणार, हवामान कुणीतरी आणून देणार, सामान कुणीतरी चढवणार. इथं ते सगळं मी करते. जिथं एअरलाइन कधी जायची नाही असल्या पट्ट्यांवर उतरते. एका ठिकाणी उतरायच्या आधी वरून एक चक्कर मारावी लागते, म्हणजे कुत्री उठून जातात. मला ती चक्कर आवडते."

"कुत्री हाकलायला एवढं शिकवलं का तुला?" इंदू ओट्यापाशी फोडणी देताना म्हणाली.

"तिथं दाराला कुलूप असतं आई. आपल्या मागं दीडशे माणसं बसलेली असतात, पण आपण कुणाचं तोंड बघत नाही. इथं मागं वळलं की कोण घाबरलंय ते दिसतं. मग त्याला काहीतरी बोलून हसवायचं. ते पण कामच आहे."

इंदूचा झारा थांबला. हसवायचं. नांदेडला तर तो मालक हसवत होता आणि ही हसत होती.

"रोस्टर असलेलं बरं," ती म्हणाली. "माणसाला सांगता येतं, पोरगी अमुक वेळेला अमुक ठिकाणी आहे."

"कुठल्या माणसाला?"

"कुठल्याही."

रेणुकादास चष्मा पुसायला आतल्या खोलीत गेले. असल्या वेळी त्यांचा चष्मा फार मळतो.

"बरं," मृण्मयी म्हणाली. "जाते एअरलाइनमध्ये. सही करून पाठवते. आता का जातेय ते विचार ना."

"त्यात काय विचारायचं? चांगलं आहे म्हणून."

मृण्मयी माठापाशी गेली. मग पाण्याचा तांब्या भरताना, आईकडं न बघता म्हणाली, "हिरवी साडी उन्हात लांबून दिसते, आई."

"कुठली हिरवी?"

"असू दे. वरण करपायलंय."

वरण करपत नव्हतं. पण इंदूनं गॅस बारीक केला, पुन्हा मोठा केला, पुन्हा बारीक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अकराच्या सुमाराला, हवालदार व्यंकटराव आले. नवीन नोकरीत विमानतळाचा पास लागतो, त्यासाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हावी लागते; तिचे कागद निवड झाली तेव्हाच निघाले होते. मागच्या वेळी ती मुंबईच्या पत्त्यावर झाली होती, ह्यावेळी कायमच्या पत्त्यावर आली. व्यंकटराव घामाघूम होते आणि स्वभावानं साधे होते. खुर्चीत बसताच म्हणाले, "घाबरायचं काम न्हाई. नेहमीचंच हाय. दोन शेजारी लागत्यात, बोलवा."

शेजारी बोलवायला कुणाला जावं लागलं नाही. पोलिसाची मोटारसायकल दारात लागल्यापासून गौरम्मा आणि गुरुपादप्पा आपल्या दारात उभेच होते. दोघं येऊन सोफ्यावर बसले. मृण्मयी आतल्या दारापाशी उभी राहिली. इंदू चहा टाकायला गेली, पण दोन खोल्यांमधलं दार तिनं पायानं उघडंच ठेवलं.

"किती वर्षं वळखता?"

"भूकंपाच्या आधीपासून," गुरुपादप्पा म्हणाले.

"काही गुन्हा, भांडण, मोर्चा?"

"छ्या छ्या. लई हुशार पोरगी."

"वर्तणूक?"

इथं सोफा जरा करकरला.

"हुशार हाय म्हनलं की," गुरुपादप्पा म्हणाले.

"ते लिवलं काका. वर्तणूक इचारलं."

"आता आमी काय सांगावं बाबा," गौरम्मा पदर बोटाला गुंडाळत म्हणाली. "माझ्याच मांडीवर वाढलेली. येणंजाणं जरा येळी-अवेळी असतंय, पण त्येला इलाज न्हाई. इमानाला येळ कुठली?"

"असं कसं मावशी? इमानाला तर मिनिटाची येळ असती." व्यंकटरावांनी पेन थांबवलं. "मी ह्यांचा फोटो बघितलाय की चौकात. माझं पोरगं त्याच क्लासला हाय, रोज दावतंय मला, असं व्हायचंय म्हणून. एअरलाइन पायलट!" मग त्यांनी हातातला कागद पुन्हा वर धरला आणि कपाळाला आठी घातली. "पर सर, एअरलाइनमधीच हायत तर मग एअरलाइनमधी लागायची पडताळणी आता कशी आली?"

रेणुकादासांनी चष्मा काढला. पुसायला जागा नव्हती, तो नुसताच हातात राहिला.

"तो... फ्लेक्स जरा आधी लागला," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"म्हणजे सध्या ती खाजगी विमानावर आहे."

"खाजगी म्हंजे कुणाच्या?"

रेणुकादासांनी आतल्या दाराकडं बघितलं.

"एका उद्योगपतींच्या," मृण्मयी दारातून म्हणाली. "नाव मला सांगता येत नाही. कंपनीचं पत्र तुम्हाला देते."

"बरं बरं. त्याला हरकत न्हाई." व्यंकटरावांना आता मात्र अवघडल्यासारखं झालं. ते गौरम्माकडं बघायला लागले, गौरम्मा आपल्या पायांकडं, गुरुपादप्पा भिंतीवरच्या कॅलेंडराकडं. "म्हंजे मुक्कामाला वगैरे... बाहेरगावी... त्येंच्याबरोबर..."

"कॅप्टन असतात," मृण्मयी म्हणाली.

"हां. असत्यात का. बरं." पण पेन काही कागदावर टेकलं नाही. "मग वर्तणूक चांगली लिवू ना मावशी?"

"लिव की," गौरम्मा म्हणाली. "चांगलीच लिव बाबा. पोरीच्या जातीचं हाय. वाईट कशाला लिवतोस?"

इंदू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. गौरम्मानं ते चांगल्या मनानंच म्हटलं होतं. झाकपाक करावी तसं, उघड्या लेकराच्या अंगावर मैदानात ती जशी गोधडी ओढायची तसं. आणि त्यामुळंच ते इंदूला जास्त लागलं. तिनं मृण्मयीकडं पाहिलं. पोरीचा चेहरा शटर ओढल्यासारखा बंद होता. हा चेहरा आपण नोकरीच्या नावावर टाकत आलो, असं इंदूला वाटलं, आणि तिथंच तिला लिंबाखालचं ऊन आठवलं. लेकीनं फोन कानाला लावून इकडं, तारेच्या पलीकडं, हिरव्या साडीकडं बघितलं असेल, आणि तरी विचारलं असेल, 'तू गं?' आईला खरं बोलायची एक संधी दिली असेल. आणि आई म्हणाली, घरी आहे.

तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला.

"व्यंकटराव, लिहू नका अजून."

"काय झालं वैनी?"

"अगं, बस की," रेणुकादास हलक्या आवाजात म्हणाले. "इंदू."

"तुम्ही चष्मा घाला आधी," इंदू म्हणाली. "गौरम्मावैनी, परवा गच्चीवर तुम्ही उदगीरला बोलत होता, ते मी ऐकलं. कुरडया घालत बसले होते पलीकडं."

"अय्यो!" गौरम्माचा हात तोंडावर गेला. "इंदूताई, आईची आन, मी वंगाळ मनानं..."

"तुमचा राग नाही मला. खाकरले असते तर तुम्ही थांबला असता. मी खाकरले नाही. मला ऐकायचं होतं, दुसऱ्या कुणालाही तसंच वाटतं का." तिनं पदराला हात पुसले. "इथं आपण इतके जण बसलोय. ह्या हवालदारांनी आडून विचारलं, तुम्ही आडून सांगितलं, हे चष्मा पुसत बसले, आणि मी एसटीत बसून नांदेडला जाऊन लिंबाखाली उभी राहिले. पण तोंडानं कुणी विचारलं नाही. पोरगी समोर उभी आहे, तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं."

"आई," मृण्मयी म्हणाली.

"थांब. तू एअरलाइनमध्ये का जातेस ते विचार म्हणालीस काल. मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं." इंदू वळली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या डोळ्यांत सरळ बघत राहिली. "तिथं रोस्टर आहे, नंबर लागतो, कॅप्टन लवकर होतात, ते सगळं आम्ही वरून लावलेलं. तू त्या मालकाबरोबर झोपतेस, असं वाटतं आम्हांला. म्हणून तुला तिथनं काढून घेतोय. आणि गल्लीला नंतर वाटलं, मृण्मयी. सगळ्यांच्या आधी मला वाटलं."